री, अन, आउटच्या याद्या पाठ आहेत, तरी डाव हातचा का जातो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. मुलगी नववीत आहे, परभणीत सेमी-इंग्लिशला शिकते, आणि या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला स्क्रॅबलचा, म्हणजे बोर्डवर अक्षरं लावून इंग्रजी शब्द करण्याच्या खेळाचा, नाद लागलाय. तुम्ही तिला री, अन, आउट, ओव्हर, मिस यांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या लांबलचक याद्या छापून दिल्या. लेकरानं त्या पाठही केल्या, म्हणायला सांगितलं की घडाघडा म्हणते. डावात मात्र समोर सात अक्षरं आली की त्यातलं काहीच आठवत नाही. आठवून एखादा शब्द लावलाच, तर पुण्याहून आलेला आतेभाऊ 'असला शब्दच नसतो' म्हणत तो उचलायला लावतो. मागच्या वेळी आउटस्नोरवरून चांगलंच वाजलं. आता तुम्ही विचारताय, आणखी कोणत्या उपसर्गांच्या याद्या द्याव्यात.

मी लातूरला इंग्रजी शिकवते आणि बऱ्याच वर्षांपासून स्क्रॅबल खेळते, मुलांना खेळवतेही. माझं ऐकाल तर नवी यादी एकही देऊ नका. आहे तीच उलटी करून घ्या.

पण आधी आउटस्नोरचा निकाल लावू. शब्द बरोबर आहे. घोरण्यात दुसऱ्याला मागे टाकणं, असा त्याचा सरळ अर्थ आहे. मुलीचे गुण तिला परत द्या. अशी भांडणं होतात, कारण घरी खेळताना कोणती यादी मानायची हे कुणी आधी ठरवत नाही. घरातला जाडजूड शब्दकोश उघडला तर त्यात आउटस्नोर बहुधा सापडणार नाही, आणि आतेभाऊ तेच दाखवेल. स्क्रॅबलसाठी वेगळ्या शब्दयाद्या असतात. अमेरिका आणि कॅनडा सोडून बहुतेक जगात कॉलिन्सची यादी चालते, भारतातल्या स्पर्धांतही तीच. अमेरिकेची यादी वेगळी आहे आणि आकारानं लहान आहे. मोबाइलवर खेळत असाल तर ॲपनं कोणती यादी धरलीय ते सेटिंगमध्ये पाहून घ्या. डाव सुरू करण्याआधी एक यादी ठरवायची, आणि चुकीचं चॅलेंज केलं, म्हणजे बरोबर शब्दाला हरकत घेतली, तर काय दंड, तेही ठरवायचं. दंड नसला की आतेभाऊ प्रत्येक शब्दाला हरकत घेणारच, त्यात त्याचं काही जात नाही.

आता मूळ मुद्दा. मुलीनं यादी पाठ केली ती उपसर्गाकडून. री धरला, मग रीपेंट, रीप्ले, रीफिल, रीहीट. डावात मात्र गोष्ट शेपटाकडून सुरू होते. बोर्डवर कुणीतरी आधीच लावलेला शब्द असतो, आणि प्रश्न असतो की याच्या पुढ्यात काय बसेल. या प्रश्नाचं उत्तर री-च्या यादीत एका ठिकाणी असतं, आउटच्या यादीत भलत्याच पानावर, आणि मिसच्या यादीत तिसरीकडे. पाठांतराला मी नावं ठेवत नाही. लातुरात राहून ठेवली तर लोक हसतील. सराव, चाचणी, पुन्हा सराव, ही आपल्याकडची पद्धत या खेळालाही लागू पडते. फक्त जे पाठ करायचं ते डावात ज्या बाजूनं लागतं त्या बाजूनं करायला हवं.

आणि मराठी माध्यमातल्या मुलांना हे नवीन नाही. व्याकरणाच्या तासाला आपण 'हार' घेऊन बसतो: आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, परिहार. मूळ शब्द मध्ये, उपसर्ग बदलत जातात. इंग्रजीचं तेच करायचं. एक वही घ्या, प्रत्येक पानावर एकच छोटा मूळ शब्द. समजा एल-ए-वाय, म्हणजे ले. त्याच्या पुढं काय काय लागतं? रीले, इनले, आउटले, ओव्हरले, मिसले, अनले, डीले, बीले, वेले. त्याखाली उपसर्ग नसलेली, नुसती एखाददुसरी अक्षरं लागून होणारीही लिहायची: प्ले, क्ले, स्ले, फ्ले, स्प्ले. दुसरं पान टेकचं: रीटेक, इनटेक, अपटेक, आउटटेक, ओव्हरटेक, अंडरटेक, मिस्टेक, पारटेक, बीटेक. तिसरं ॲक्टचं: रीॲक्ट, इनॅक्ट, एक्झॅक्ट, आउटॲक्ट, ओव्हरॲक्ट, अंडरॲक्ट, इंटरॲक्ट, ट्रान्झॅक्ट. डू, रन, सेट, कास्ट, ग्रो, हीट, सेल यांची पानं अशीच भरतात. बोर्डवर टेक दिसला की तिच्या डोळ्यापुढं ते पान यायला हवं. मी मुलांची चाचणी अशीच घेते. मूळ शब्द मी सांगायचा, उपसर्ग त्यांनी. रीपासून सुरू होणारे दहा शब्द सांग, असं मी कधीच विचारत नाही.

यातून आणखी एक गोष्ट आपोआप कळायला लागते, ती म्हणजे प्रत्येक उपसर्गाचा स्वभाव. तो कुणाशी जमवून घेतो आणि कुणाशी नाही. मराठीत आपण गैरहजर म्हणतो, बेहजर म्हणत नाही. बेफिकीर म्हणतो, गैरफिकीर म्हणत नाही. कुणी शिकवलेलं नसतं, पण कानाला कळतं. इंग्रजीसाठी आपल्या पोरांचा कान घरातून तयार होऊन येत नाही, म्हणून तो जाणूनबुजून करावा लागतो.

सगळ्यात दिलदार आउट. क्रियापदापुढं लावला की त्या कामात समोरच्यावर कडी करणं असा अर्थ होतो, आणि याला कामाची निवड नाही. आउटरन, आउटईट, आउटकुक, आउटप्रे म्हणजे प्रार्थनेत वरचढ होणं, आउटवीप म्हणजे रडण्यात, आउटयेल म्हणजे ओरडण्यात. आउटब्राइबसुद्धा आहे, म्हणजे दुसऱ्यापेक्षा जास्त लाच देणं. निवडणुकीच्या दिवसांत हा शब्द शिकवला तर वर्गातलं एकही लेकरू तो विसरत नाही. आउटची तीन अक्षरं आणि चार अक्षरी साधं क्रियापद मिळून सात होतात, आणि रॅकवरची, म्हणजे आपल्या पुढ्यातल्या पट्टीवरची, सातही अक्षरं एका फटक्यात लावली की पन्नास गुणांचा बोनस मिळतो. म्हणून तिला चार अक्षरी क्रियापदं आउट लावून म्हणायला सांगा: प्ले, लास्ट, सेल, स्विम, रीड, कुक. भूतकाळाची रूपंही चालतात. आउटसिंग, आउटसँग, आउटसंग ही तिन्ही सात अक्षरी आहेत आणि तिन्ही चालतात. लक्ष ठेवायचं ते टीनं सुरू होणाऱ्या शब्दांवर. आउटटॉक, आउटटेक यांत टी दोनदा येतो, आणि घाईत मुलं एकच लावतात.

ओव्हर चार अक्षरांचा, म्हणून त्याला तीन अक्षरी जोडीदार शोधायचा. ओव्हरईट, ओव्हरएट, ओव्हरपे, ओव्हरयूज, ओव्हरॲक्ट ही क्रियापदं झाली. पण ओव्हर विशेषणांनाही लागतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. ओव्हरफॅट, ओव्हरहॉट, ओव्हरबिग, ओव्हरवेट म्हणजे फार ओलं, ओव्हरड्राय. अख्खा दिवस बाहेर काढलेल्याला मराठवाड्यातल्या मे महिन्यासाठी ओव्हरहॉट आणि ओव्हरड्राय हे शब्द पटायला जड जाऊ नयेत. ओव्हरचा दुसरा उपयोग म्हणजे व्ही खपवायला. दोन अक्षरी चालणाऱ्या शब्दांत एकातही व्ही नाही, त्यामुळे हे अक्षर रॅकवर अडकून बसतं. रॅकवर व्ही असेल तर ओ, ई, आर आहेत का हे आधी बघावं.

अनचं जरा नाजूक आहे, आणि मुलीचे शब्द उचलले जात असतील तर माझा संशय त्याच्यावरच आहे. अन विशेषणांना लागतो आणि क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाला लागतो: अनसीन, अनपेड, अनसोल्ड, अनरेड, अनईटन. नुसत्या क्रियापदाला तो मुख्यतः तेव्हाच लागतो, जेव्हा केलेलं काम उलटवता येतं. गाठ बांधली ती सोडता येते म्हणून अनटाय. घडी उलगडता येते म्हणून अनफोल्ड. कुलूप उघडता येतं म्हणून अनलॉक. खाल्लेलं परत काढता येत नाही, म्हणून अनईटन आहे पण अनईट नाही. लहान, रोजच्या विशेषणांनाही तो सहज लागत नाही. अनहॅपी आहे, पण अनसॅड नाही, अनबिग नाही. दुसरी नेहमीची घसरण शेवटच्या एसची. अनईटन हे क्रियापद नाही, त्याला एस लावून पुढं रेटता येत नाही. अनटायला लावता येतो.

री सगळ्यात मोठा, आणि मोठा म्हणूनच फसवा. पुन्हा करणं एवढाच अर्थ असल्यानं मुलांना वाटतं, तो कशालाही लागेल. तो मुख्यतः अशा कामांना लागतो, जी एखाद्या वस्तूवर केली जातात: रंगवणं, तापवणं, भरणं, बांधणं, विकणं. झोपणं, रडणं, हसणं यांना लागत नाही. स्लीपला ओव्हर लागतो, आउट लागतो, री नाही. लाफला आउट लागतो, री नाही. शंका आली की मी मुलांना एवढंच विचारते की हे काम कशावर केलंय. वस्तू सांगता आली तर शक्यता बरी, नाही तर दुसरं काहीतरी शोध. हा नियम शंभर टक्के चालणारा नाही, पण चॅलेंज खाण्याचं प्रमाण त्यानं नक्की कमी होतं. दोन ई लागोपाठ आले की घाबरू नका. रीइलेक्ट, रीएंटर वर्तमानपत्रात मध्ये आडवी रेघ देऊन छापलेले दिसतात, पण यादीत ते सलग आहेत आणि चालतात.

प्री आणि मिस यांचं थोडक्यात. प्रीला स्वयंपाक आणि धुणं आवडतं: प्रीहीट, प्रीकुक, प्रीबॉइल, प्रीसोक, प्रीवॉश, सगळे सात अक्षरी. मिस म्हणजे चुकीचं करणं: मिसरीड, मिसडायल, मिसफाइल, मिसडील, मिसटाइम, हेही सात. मिसमध्ये एस खर्च होतो आणि शंभर अक्षरांच्या पिशवीत एस फक्त चार असतात, हे तिला आठवत राहू द्या. पन्नासचा बोनस मिळत असेल तर खुशाल खर्च करावा. पाच-दहा गुणांसाठी नको, एस शब्दाच्या शेवटी लावायला जास्त कामाचा असतो.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण माझ्या मते आतेभाऊ जिंकतो ते बहुधा त्याच गोष्टीमुळे: बोर्डवरची जागा. स्क्रॅबलचा बोर्ड 15 बाय 15 घरांचा. पहिला शब्द मधल्या घरावरून जातो. त्या मधल्या आडव्या ओळीच्या दोन्ही टोकांना, म्हणजे पहिल्या आणि पंधराव्या घरात, ट्रिपल वर्ड असतं. शब्दातलं एक नवं अक्षर तिथं पडलं की अख्ख्या शब्दाचे गुण तिप्पट. समजा मुलीनं पहिल्याच खेळीत जी-आर-ओ-डब्ल्यू-एन, ग्रोन हा शब्द चौथ्या घरापासून आठव्या घरापर्यंत लावला. तिला 22 गुण मिळतात, कारण चौथ्या घरात जीचे दुप्पट होतात आणि मधल्या घरामुळे शब्द दुप्पट होतो. छान वाटतं. पण डावीकडं नेमकी तीन घरं मोकळी राहिली. आतेभाऊ तिथं ओ, यू, टी ही एकेक गुणाची अक्षरं ठेवतो, आउटग्रोन होतो, बाराचे तिप्पट 36. तीन फुकटातल्या अक्षरांत तो तिच्या पुढं गेला.

तोच ग्रोन तिनं पाचव्या घरापासून लावला असता तर? डावीकडं चार घरं उरतात, आणि ओव्हरग्रोन हाही शब्द आहे. आठव्या घरापासून लावला तर डावीकडचं टोक लांब जातं, पण उजवीकडं तीन घरं उरतात आणि ग्रोनअप्स सलग लिहिलेला चालतो. यू, पी, एस नेमके त्याच्याकडे असणं अवघड, तरी वाट उघडी आहे. सातव्या घरापासून लावला तर डावीकडं सहा आणि उजवीकडं चार घरं राहतात. तिथं बसेल असं काही मला तरी माहीत नाही. गुण 18, म्हणजे चार कमी. मी ते चार गुण सोडते. समोर अगदी नवखा खेळाडू असेल तर सोडत नाही, कारण त्याला ती जागा दिसणारच नाही.

हेच गणित आपल्या फायद्याचंही आहे. टेक पाचव्या ते आठव्या घरात पडलेला दिसला की पहिल्या चार घरांत ओव्हर बसतो. आर चौथ्या घरात, दुप्पट अक्षराच्या घरावर पडतो, त्यामुळे बेरीज 16 आणि तिप्पट 48. म्हणून उपसर्ग पाठ करताना त्याची लांबीही सोबत पाठ व्हावी: री, अन, डी, बी, एन यांची अक्षरं दोन, आउट, मिस, प्री, नॉन, सब यांची तीन, ओव्हर, फोर, अँटी यांची चार, अंडरची पाच. हीटेड तिसऱ्या घरापासून पडला असेल तर रीहीटेड आणि अनहीटेड बसतात. प्रीहीटेड शब्द म्हणून बरोबर असला तरी त्याला एक घर कमी पडतं. चौघं मिळून खेळत असाल तर हे थोडं सैल धरा. आपली पाळी येईपर्यंत तिघांनी ती जागा बुजवलेली असते. दोघांच्या डावात मात्र मोकळं टोक पुष्कळदा टिकतं.

रॅकवरच्या अक्षरांबद्दल एक सवय लावा. आर आणि ई दिसले की मुलं ते डावीकडं सरकवतात आणि उरलेल्या पाचांकडं बघत बसतात. बघावंच. पण पाच-दहा सेकंदांत काही निघालं नाही तर तीच दोन अक्षरं उलटी करून उजव्या टोकाला न्यावीत. री झाला नाही तर शेवटी अर होतो. पी, ए, आय, एन, टी सोबत असतील तर रीपेंट होतो, पेंटर होतो आणि परटेनही होतो. तिन्ही तीच अक्षरं, आणि बोर्डवर कुठला बसेल ते जागेवर ठरतं. डी-ईचंही तसंच: पुढं डी, मागं ईडी. डी, ई, आर, ए, आय, एल या सहा अक्षरांत रीडायल आहे, रीलेड आहे, डीरेल आहे आणि रेल्ड आहे. मिसडील आणि मिसलीडची अक्षरं तंतोतंत सारखी. अशा जोड्या तिच्या वहीत शेवटच्या पानांवर जमू द्या. स्पर्धेत प्रत्येकाला अख्ख्या डावासाठी साधारण 25 मिनिटं मिळतात. री पकडून बसलेला खेळाडू त्यातली बरीच तिथंच घालवतो.

उपसर्ग पूर्ण व्हावा म्हणून अक्षरं साठवून ठेवू नका, एवढं तिला बजावून सांगा. ओ आणि टी हातात आहेत, यू येईल म्हणून वाट बघायची, हे महागात पडतं. यू पिशवीत चारच, आणि ते समोरच्याकडेही जातात. आर-ई राखून ठेवणं मात्र चालतं. ई बारा आहेत, आर सहा, आणि री जमला नाही तरी ती अक्षरं कुठंही खपतात.

शेवटी, कोणते उपसर्ग आत्ता बाजूला ठेवावेत. एक्स, सेल्फ यांचे बरेच शब्द आडव्या रेघेनं जोडलेले असतात आणि रेघवाला शब्द स्क्रॅबलमध्ये चालत नाही. ते आत्ता नकोत. नॉन आणि अँटीचे शब्द पुष्कळ आहेत, पण त्यातले बरेच लांब असतात. तेही पुढच्या वर्षी. त्याऐवजी उपसर्गासारखी दिसणारी पण स्वतःच शब्द असलेली छोटी अक्षरं आजच शिकवा. नियमाप्रमाणे नुसता उपसर्ग लावता येत नाही, तरी आर-ई चालतो, कारण तो पाश्चात्य संगीतातला स्वर आहे. ई-एन आणि ई-एम चालतात, ती छापखान्यातली मापं आहेत. यू-एन, बी-ई, डी-ई, ई-एक्स, बी-आय चालतात, डी-आय-एस आणि एम-आय-एस चालतात. आतेभाऊ यांतल्या एखाद्याला हरकत घेईलच. तेव्हा दंडाचा नियम आधी ठरलेला असू द्या.